एक बटण तीन बोटे सरकविल्याची मोहीम

स्वस्ति. वाचणारांस आयुरारोग्य लाभो आणि त्यांचे संगणक न अडोत. रक्ततपासणीच्या दवाखान्यात बटणाची मोहीम कैसी जाहली, ते आज्ञेप्रमाणे जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे तिखटमीठ लाविले नाही. लावावयाची गरजच पडली नाही.

दवाखान्याचे नोंदणीच्या खुर्चीवर ताई विराजमान. बारा वर्षे वहीत यादी चालविली, एक नाव इकडचे तिकडे जाहले नाही. मग डॉक्टरसाहेबांस सुधारणेचा झटका आला आणि नवे सॉफ्टवेअर आणविले. ते रचिले एका डिझायनर सरदाराने. दिसेल त्या चौकोनाचे कोपरे गोल करावे हा त्यांस बहुत नाद, सबब पाठीमागे त्यांस गोलकोपरे म्हणत. त्यांनी ‘नोंद करा’ आणि ‘यादी साफ करा’ ही बटणे एकाच मापाची, एकाच फिकट निळ्या रंगाची, एकमेकांस खेटून बसविली. का, तर जोडी शोभते!

पहिलेच दिवशी ताईंचे बोट चुकले आणि एकेचाळीस उपाशीपोटी आलेल्यांची यादी बेचिराख जाहली. मग ‘मी आधी, मी आधी’ ऐसे रणकंदन माजले. आठवड्याने पुन्हा तेच. मग साहेबांचे फर्मान सुटले की, तिसरे खेपेस ऐसे घडलियास ताईंनी चाकरी सोडून घर गाठावे. ताईंचे घरी पाहावे तो नवरा अंथरुणावर, दोन लेकी शिकत्या, आणि घर चाले ते याच खुर्चीवर.

ताईंनी सरदारांस खलिता धाडिला. तिकडे अकरा मसलती जाहल्या आणि इलाज ठरला तो ऐसा की, कोणतेही बटण दाबता ‘खात्री आहे का?’ ऐसा सवाल यावा. दिवसातून दोनशे वेळा ‘हो’ म्हणणारा हात वाचतो थोडाच? मग ताईंनी मलमपट्टीच्या खोलीतून चिकटपट्टी आणिली, पडद्यावरील ‘यादी साफ करा’ हे बटण बुजविले, माऊसचा बाण पट्टीखाली शिरताच हात आखडता घेतला, आणि महिनाभर रयत सुखी जाहली.

मग सरदार खासे पाहणीस आले. पट्टी पाहोन त्यांचा तिळपापड जाहला. वापरणारास अक्कल नसलियास बटणाने काय करावे, ऐसे बोलोन पट्टी ओरबाडिली, ताईंस उठविले आणि धडा द्यावयास स्वतः बसले. ताईंच्या यादीत तीन नावे घालोन चौथे नावास भलतेच बटण दाबिले, आणि सवाल न वाचता ‘हो’ म्हणोन सरदारांनी खासे हातें बावन्न जणांची यादी धुळीस मिळविली.

साहेब धावत आले. यादी कोणी पुसिली म्हणोन संगणकास पुसिले, तो ताईंचे नाव. सरदार ताईंच्याच नावे आत शिरले होते ना! साहेबांनी जागीच हुकूम केला की ताईंनी उद्यापासून येऊ नये. ताईंनी सरदारांकडे पाहिले. सरदार भिंतीवरील उंची-वजनाचा तक्ता मोठ्या आस्थेने वाचू लागले. ताईंस संताप आला, रडूही आले.

तो बाकावरून एक वृद्धा उठली. बारा तासांची उपाशी, नंबर पाचवा, नात्याने सरदारांची सासू.

“अहो डॉक्टर, तिला कशाला ओरडताय? आमच्या जावईबापूंनी पुसलीय यादी, मी समोरच बसलेय! घरीसुद्धा दिवा लावा म्हटलं की पंखा लावतात.”

बावन्न उपाशी जनांनी होकार भरला. सरदारांची पाचावर धारण बसली, आणि साहेबांनी हुकूम गिळिला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती दप्तरी रुजू केली. सात महिने, अकरा मसलती, तीन याद्यांचा संहार, आणि सरदारांनी ‘यादी साफ करा’ हे बटण डावीकडे तीन बोटे सरकविले. सरदारांस वापरणारांचे मन जाणणारा म्हणोन ढाल मिळाली, आणि भरसभेत आपणांस हा शोध कैसा लागला ते त्यांनी तासभर सांगितले. त्यात सासूबाई ‘वापरकर्ता क्रमांक दोन’, आणि ताई ‘वापरकर्ता क्रमांक एक’. क्रमांक एक सभेस हजर नव्हती. ती आपले खुर्चीवर बसून पुढल्या माणसाचे नाव विचारीत होती.