तिसऱ्या मजल्यावरची तपासणी

लिफ्टच्या मेस्त्रीची कंबर धरली त्याला चार महिने झाले होते आणि आज तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या घरी कंपनीचे डॉक्टर तपासायला येणार होते. ते 'कामाला लायक' म्हणाले तर नोकरी राहणार, नाहीतर कायमचं घरी. बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "कण्हायचं नाही. जीव गेला तरी."

डॉक्टर आले, पण पुरते नाहीत. इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्याला पोहोचता पोहोचता अडकली आणि जाळीच्या दरवाजाआड, फरशीच्या वर, डॉक्टरांचं नुसतं डोकं दिसू लागलं.

"अहो, बघता काय? काढा मला."

मेस्त्रीचे हात शिवशिवले. पण आजारपणाच्या रजेवर असताना शेजाऱ्याचा पंखा बसवला म्हणून मागेच एकाची नोकरी गेली होती, आणि तक्रार याच डॉक्टरांची होती. त्यानं हात पाठीमागे घट्ट धरले.

"रजेवर आहे, साहेब. पान्याला हात लावता येत नाही. बदलीचा माणूस येतोय संध्याकाळी."

"संध्याकाळी? त्यापेक्षा तुम्हालाच आत्ता लायक ठरवतो."

"न तपासता? नको. उद्या कुणी बोट दाखवायचं."

डॉक्टरांनी तिथूनच सुरुवात केली. "वाका."

मेस्त्री वाकला. दोघांची नाकं समोरासमोर आली.

"दुखतं?"

"छे."

"मग डोळ्यांत पाणी कसलं?"

"तुमचे हाल बघवत नाहीत हो त्यांना," बायको मागून म्हणाली.

"बरं, वजन उचला काहीतरी."

मेस्त्रीनं घरातलं शिलाई मशीन छातीशी धरून जिन्यापर्यंत नेलं आणि परत आणलं. मानेच्या शिरा तटतटल्या, चेहरा मात्र फोटोला बसल्यासारखा हसरा.

डॉक्टरांनी लिफ्टच्या भिंतीवर कागद टेकवून दाखला लिहिला, शिक्का मारला आणि जाळीतून सरकवला. बायको धावत हत्यारांची पेटी घेऊन आली. मेस्त्रीनं दाखला वाचला, पुन्हा वाचला, आणि पेटीचं झाकण हळूच लावलं.

"आता काय राहिलं?" डॉक्टर कळवळले.

"साहेब, 'सोमवारपासून लायक' लिहिलंय. आज शनिवार."

"सवयीनं लिहिलं हो. आणा, खोडून देतो."

"खाडाखोड चालत नाही. मागचा दाखला तुम्हीच परत पाठवला होता त्यापायी."

डॉक्टरांनी बॅग चाचपली. कोरा कागद तेवढा एकच होता, तो दाखल्यात गेला होता.

बायको आत गेली आणि नवऱ्याची उशी घेऊन आली. दाबून, चपटी करून तिनं ती जाळीतून आत सारली.

"कमरेला लावून बसा, डॉक्टरसाहेब. ह्यांना फार गुण आला हिचा."