मंजूर, घाई करू नये

"सांगतो साहेब, पन यावर कोनाचाच विश्वास बसत नाही," असं म्हणून फुलसिंगने कोर्टात साक्ष द्यावी तसे हात जोडले.

यवतमाळच्या विद्यापीठ उपकेंद्रातलं छपाईघर तो बावीस वर्षं सांभाळत होता. नवे उपकुलसचिव रामटेके साहेब पाहणीला आले होते. हातात परिपत्रक होतं: वापरात नसलेली यंत्रं वणीच्या केंद्राकडे पाठवावीत. खुर्च्यांवर कागदाचे गठ्ठे रचलेले, म्हणून साहेब भिंतीजवळच्या सतरंजी घातलेल्या खोक्यावर बसले. दारात भांडार सांभाळणाऱ्या विमलताई नोंदवही धरून उभ्या होत्या.

टी-शर्ट छापायच्या मशीनसाठी फुलसिंगने तीन वर्षं अर्ज खरडले होते. ती वणीला गेली, की निवृत्तीपर्यंत पुन्हा आपलं झेरॉक्स आणि लॅमिनेशन.

"मशीन दिसत नाही?" साहेबांनी विचारलं.

"सर्व्हिसिंगले गेली, नागपूरले. एका दमात ऐंशी टी-शर्ट काढले तिनं. थकनारच ना!" फुलसिंगने सतरंजीचा लोंबता कोपरा पायाने सारखा केला.

"एखादा दाखवा."

"तेच तर सांगून राह्यलो."

स्नेहसंमेलनाची ऑर्डर होती. कापसाच्या बोंडाचा नमुना आधीच्या साहेबांकडे गेला. त्यांनी बोंडाखाली लिहिलं, 'मंजूर. घाई करू नये.' खाली सही आणि गोल शिक्का. आता फुलसिंगचा बावीस वर्षांचा नियम असा, की सहीचा कागद आला तसाच छापायचा, टिंबही इकडचं तिकडे नाही. म्हणून ऐंशीच्या ऐंशी टी-शर्टांवर बोंडाखाली शेरा, सही आणि शिक्का उमटला.

"पोरं चिडली असतील."

"चिडतीन कायले? कपिल नावाचा पोरगा फीमाफीचा अर्ज घेऊन हापिसात गेला. बाबूनं मान वर केली, समोर साहेबाची सही पाह्यली, मारला ठप्पा! दुसऱ्या दिवशी वाचनालयानं सगळ्यायचा दंड सोडला. तिसऱ्या दिवशी दोघं जन राळेगावच्या एसटीत ड्रायव्हरजवळ बसले. त्यानं 'घाई करू नये' वाचलं अन् गाडी अशी हाकली, अशी हाकली, का एक सायकलवाला पुढं निघून गेला, राळेगावात बाजार केला, अन् वापस येताना त्याच गाडीले भेटला."

साहेब हसले नाहीत. ते गंभीरपणे वहीत टिपत होते. त्यामुळे फुलसिंगला जोर चढला.

"पुढे?"

"पुढं आधीचे साहेब सोता चौकशीले आले. समोर ऐंशी पोरं, ऐंशी सह्या, साऱ्या त्यायच्याच. आपल्याच सहीवर कारवाई करनार कशी? मान खाली घालून त्यायनं बदलीचा अर्ज लिहिला. पन बदली अशी भेटते काय? एका पोराजवळून टी-शर्ट मागितला, अंगात घातला, अन् मुंबईले गेले. संध्याकाळी बदली हातात."

"आणि उरलेले एकोणऐंशी?"

"लोकायनं नेले, साहेब. कोनाची पेन्शन अटकली होती, कोनाचा सातबारा. धुवाले टाकला तरी माघारी येत नव्हता. म्हून दाखवाले एकबी नाही." फुलसिंगचा आवाज खरोखरच भरून आला.

साहेबांनी परिपत्रक मांडीवर घेतलं आणि सावकाश लिहिलं, 'यंत्र वापरात आहे.' सहीसाठी पेन टेकवलं. फुलसिंगने शिक्क्याचं पॅड पुढे सरकवलं.

"भाऊ, पुरे करा ना बाप्पा आता," दारातून विमलताई म्हणाल्या. "चौदा महिने झाले, प्लगच्या पॉइंटले मंजुरी नाही, म्हून खोक्याची पट्टीबी सोडली नाही आपन. साहेब, जरा उठता काय? तुमी मशीनवरच बसून राह्यले."