'क' वर्गातले वाचनालय

जुन्या इमारतीवर मनापासून प्रेम करायचे असेल, तर ती आधी पाडलेली असणे सोयीचे पडते. उभ्या इमारतीला गळती लागते, तिच्या वळचणीला कबुतरे राहतात आणि कोणीही सोम्यागोम्या तिच्याकडे फुकट पाहू शकतो. पोस्टकार्डावरच्या इमारतीला यातला एकही विकार नसतो.

हे ज्यांच्या सर्वांत आधी ध्यानात आले, त्यांनी शहरात जुन्या पोस्टकार्डांचे संग्राहक मंडळ काढले. मंडळाने कार्डांचे तीन वर्ग केले. 'अ' म्हणजे पाडलेली इमारत, 'ब' म्हणजे पाडण्याचा हुकूम निघालेली आणि 'क' म्हणजे (नाइलाजाने) अजून उभी असलेली. कार्डामागे कोणी चार ओळी खरडल्या असतील, तर तो दोष धरतात. पुढून पारदर्शक आणि मागून पुठ्ठ्याच्या पाकिटात मंडळाच्या शिक्क्याने बंद झालेले कार्ड पुन्हा बाहेर काढले, तर ते यादीतून कायमचे बाद होते.

चष्मेवाले हे या मंडळाचे सर्वांत निष्ठावान सभासद. चाळीस वर्षे त्यांनी गावाला चष्मे बसवून दिले आणि दुकान बंद केल्यावर सगळी नजर पोस्टकार्डांना वाहिली. त्यांच्याकडे दोनशे बारा कार्डे होती. त्यांतले एकच त्यांना बोचत असे. ते होते सात कमानींच्या वाचनालयाचे, आणि ते 'क' वर्गात होते.

वाचनालय पडत नव्हते, कारण ते त्यांची थोरली बहीण सांभाळत होती. याच वाचनालयाच्या पायरीवर बसवून ताईने त्यांना अक्षरे शिकवली होती. आता तिथे वाहनतळ करायचे ठरले. कमानी शंभर वर्षांपूर्वीच्या असल्याचा पुरावा मिळाल्यास इमारत राखू, असे नगरपालिकेच्या समितीने कळवले. कचेरीतला मूळ नकाशा वाळवीने खाल्ला होता (वाळवीला नोटीस बजावण्यात आली आहे). उरला पुरावा एकच. चष्मेवाल्यांच्या कार्डामागचा टपालाचा शिक्का, तारखेसकट.

ताई घरी आली. "अरे, दहा मिनिटं काढ ते पाकिटातून. साहेबांना शिक्का दाखवू आणि परत ठेवू."

"ताई, बाहेर काढलं की ते बाद होतं गं."

"आणि नाही काढलं तर मी बाद होते, त्याचं काय?"

चष्मेवाल्यांचा जीव खरोखरच कासावीस झाला. तीन दिवस त्यांना जेवण गोड लागले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी मधला मार्ग काढला आणि बंद पाकिटातल्या कार्डाच्या पुढच्या बाजूची छायाप्रत तीन प्रतींत साक्षांकित करून समितीकडे धाडली. कमानी सुरेख असल्याचे समितीने लेखी मान्य केले. तारीख मागच्या बाजूला असल्यामुळे ती विचारात घेता आली नाही.

ताईने दारात एक जाड वही ठेवली होती. वाचनालय वाचावे असे वाटणाऱ्यांनी तीत सही करायची. दीड महिन्यात अकरा सह्या झाल्या. पैकी चार कर्मचाऱ्यांच्या होत्या आणि दोन एकाच विसरभोळ्या आजोबांच्या.

कमानी पाडण्याचे काम एका सकाळीत आटोपले. दुपारी मंडळाची तातडीची सभा भरली आणि कार्डाला 'अ' वर्ग मिळाला. सभासदांनी दोन मिनिटे उभे राहून दुःख व्यक्त केले आणि मग चष्मेवाल्यांचे अभिनंदन केले.

पुढे प्रदर्शन भरले, तेव्हा ते कार्ड मधोमध, काचेखाली, दिव्याच्या झोतात होते. ताई आली. भावानेच करून दिलेला चष्मा लावून ती बराच वेळ वाकून पाहत राहिली.

"मागे काहीतरी लिहिलंय ना रे? शाई उमटलेली दिसतेय. काय लिहिलंय?"

"कुणास ठाऊक. मी कधी वाचलं नाही."

"मीच तुला वाचायला शिकवलं होतं," ताई म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. चष्मेवाल्यांना तेव्हा फार लाज वाटली. पण मागे रांग लागली होती, आणि लोकांना कमानींची माहिती सांगायला दुसरे कोणी नव्हते.

अभिप्रायासाठी ताईचीच वही ठेवली होती, कारण तिची बरीच पाने कोरी होती. तीन दिवसांत सहाशे अडतीस जणांनी सह्या केल्या. 'काय वैभव होते!' असे त्यांतल्या बहुतेकांनी लिहिले. ते सगळे वर्षानुवर्षे त्याच कमानींखालून कामाला जात होते. पहिले पान मात्र कोणी उलटून पाहिले नाही.

तुम्हालाही हळहळ वाटली असेल, तर वहीत अजून जागा आहे. सही करण्यापूर्वी एवढेच आठवून पाहा, की तुमच्या घराच्या कोपऱ्यावरच्या जुन्या इमारतीला खिडक्या किती आहेत. नाही आठवल्या तरी बिघडत नाही. तिचे कार्ड नुकतेच चष्मेवाल्यांकडे आले आहे. सध्या 'क' वर्गात आहे.