श्रीनिवास सरांचा समुद्र

पिपरी मेघेतल्या आपल्या फ्लॅटमध्ये समुद्र आणायचं श्रीनिवास सरांनी ठरवलं, तेव्हा समुद्राचं मत कुणी विचारलं नाही. सर अकरावीला फिजिक्स शिकवत. त्यामुळे पाण्यानं कसं वागायचं हे पाण्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होतं.

वर पोवळ्यांची मोठी काचेची टाकी, खाली कपाटात एक छोटी. छोटीतला पंप पाइपनं पाणी वर चढवणार, जास्तीचं पाणी काठावरून परत खाली येणार. तळाशीही लाटा हव्यात म्हणून पाइपचं तोंड सरांनी थेट वरच्या टाकीच्या बुडाशी नेलं होतं. चार रंगांतला आराखडा भिंतीवर लागला होता, खाली लफ्फेदार सही.

पाइप जोडायला देवळीहून पुंडलिकराव आले. त्यांनी आराखडा पाहिला, पाइप पाहिला आणि मान खाजवली.

"सर, लाईट गेली का हेच पाणी याच पाइपातून उलटं येईन. वरतं, पाण्याच्या जरासं खाली, पाइपले एक भोक पाडा. हवा घुसली का थांबते. दाभण तापवा, दोन मिनिटांचं काम हाय."

"पुंडलिकराव, सायफन मी शिकवतो."

"शिकवत असान. पन पाणी तुमच्या वर्गात बसलं नाई ना!"

तरी त्यांनी पाइपवर पेन्सिलीनं खूण करून ठेवलीच. चहा घेऊन आलेल्या सरांच्या पत्नी मोहिनीताई हे सगळं ऐकत होत्या.

रविवारी सव्वानऊला प्राचार्य सदाशिवराव टाकी पाहायला आले. पसंत पडली तर कॉलेजच्या हॉलमध्ये अशीच टाकी बसणार होती आणि श्रीनिवास सर तिचे प्रमुख होणार होते. मोहिनीताई नुसत्याच हात जोडून हसल्या. श्रावणात दहापर्यंत त्यांचं मौन असे.

"वर्षभर श्रावण असायला पाहिजे होता!" सर म्हणाले आणि स्वतःच हसले.

साडेनऊला लाईट गेली. सर टाकीकडे पाठ करून प्रवाहाचं शास्त्र सांगत होते, ते सांगतच राहिले. मोहिनीताईंनी त्यांची बाही ओढली.

"पोहे ना? आण, आण."

त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं.

"बशा तिकडे कुठे? स्वयंपाकघरात बघ."

"श्रीनिवास," सदाशिवरावांनी पाय वर घेतले, "माहे मोजे काऊन ओले होऊन राह्यले?"

"फरशी आत्ताच पुसली असेल, सर."

फरशी मात्र समुद्रच पुसत होता. खालची छोटी टाकी भरून तो कपाटाबाहेर पडला होता आणि सोफ्याखालून देवघराकडे निघाला होता. मोहिनीताई आत गेल्या, गॅसवर दाभण तापवून आणलं, स्टुलावर चढल्या आणि पेन्सिलीच्या खुणेवर ते टोचलं. पाइपनं एक लांब ढेकर दिली. पाणी थांबलं. उरलेल्या वीतभर पाण्यातून दोन मासे सरांकडे बघत होते.

"वा!" सदाशिवराव म्हणाले. "खूण आधीच करून ठेवलेली! कोनाची आयडिया?"

सरांनी भिंतीवरच्या आपल्या सहीकडे पाहिलं. नंतर नम्रपणे म्हणाले, "आता स्वतःच्या तोंडानं काय सांगायचं, सर! संकटकाळची सोय असावी लागते."

"मंग हॉलची टाकी तुमच्याकडेच."

तेवढ्यात दहाचे ठोके पडू लागले. मोहिनीताईंनी देवाला हात जोडले. आज मौन बारापर्यंत लांबावं, असं श्रीनिवास सरांना पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

"सर, मोजे द्या, वाळत घालते," मोहिनीताई हळू आवाजात म्हणाल्या. "अन् पुंडलिकभाऊंचा नंबर लिहून घ्या. खूण त्यायची हाय."