हात स्थिर ठेवावा

मंगळवार, दिनांक ३ सप्टेंबर २०२४ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी नेल्लिबैलच्या अंगणवाडीतील वीज गेली, तेव्हा चटईवर अठरा मुले, मागे पालक, खुर्चीवर पर्यवेक्षिका शैलजा भट आणि भिंतीवर काळाठिक्कर टीव्ही होता. सेसप्प कोट्यान यांनी टीव्हीचे बटण दोनदा दाबून पाहिले. त्यांनी घरी फोनवर चित्रित केलेले कन्नडचे धडे तालुक्यातील सर्व अंगणवाड्यांत दाखवायचे की नाही, हे आज ठरणार होते. आणि ते ठरल्यातच जमा आहे, असे त्यांनी गावभर सांगून ठेवले होते.

सेसप्प तंत्रनिकेतनात शिकलेले आणि यंत्रशाळेत शिकवून निवृत्त झालेले. मुलांच्या घरी तुळू, कन्नडची गाठ शाळेत. म्हणून त्यांनी नियम केला, की फोनचा कॅमेरा चालू असेतो घरात तुळूचा शब्द निघता कामा नये. नारळ, सुपारी, समई, कोंबडा अशी एकेक वस्तू हाती धरून ते तिचे नाव उच्चारत. समोर फोन धरून पत्नी जलजाक्षी उभी असे. तिचा हात हलला की ते तिच्यावर बरसत. मात्र नियमाप्रमाणे, शुद्ध पुस्तकी कन्नडमध्ये. चित्रीकरणातला नको तो भाग कापणे त्यांना येत नव्हते. मुले कामापुरतेच घेतील, असा त्यांचा हिशेब होता.

"वीज गेली तर जाऊ द्या," शैलजाबाई म्हणाल्या. "मुलांना काय येतंय ते बघू. वस्तू कोण दाखवतं?"

"मीच दाखवतो की!" सेसप्प उठले.

नारळ झाला, सुपारी झाली. मुलांनी खणखणीत नावे सांगितली. सेसप्पांनी पालकांत बसलेल्या जलजाक्षीकडे एकवार ऐटीत पाहून घेतले आणि टोपलीतून घरचा कोंबडा बाहेर काढला. कोंबड्याने पंख फडफडवले, एक पाय सोडवून घेतला, आणि सेसप्पांचे दोन्ही हात लटलट हलू लागले.

"कोंबडा!" मुले गरजली, आणि श्वासही न घेता एका सुरात पुढे म्हणाली, "हात स्थिर ठेवावा! आपणांस एकही कार्य नीट जमत नाही काय? माहेरी आपणांस काय शिकविले?"

कोंबडा सुटला आणि टीव्हीवर जाऊन बसला.

"टीचर, हे काय?" सेसप्प कसेबसे पुटपुटले.

"धड्यातलंच आहे, सेसप्पण्णा," अंगणवाडीच्या प्रफुल्ला टीचर गोंधळून म्हणाल्या. "पडद्यावरचं सगळं म्हणून घ्या, असं तुम्हीच बजावलं होतं ना? मला वाटलं, मुद्दामच घातलंय."

मागून एका आईने विचारले, "जलजक्का, रोज असंच चालतं का गं?"

"छे गं. हे कॅमेऱ्यापुरतं. कॅमेरा बंद झाला की तुळूत."

हशा पिकला. सेसप्पांना मान वर करवेना. जलजाक्षीचा उजवा खांदा वर्षभर आखडलेला आहे, हे त्यांना ठाऊक होते. रोज रात्री तेलाची बाटली तेच तिच्या हाती देत. फोन धरायला उभे करताना तेवढे मात्र हिशेबात घ्यायचे राहिले होते.

शैलजाबाई डोळे पुसत उठल्या. "बाकी ठिकाणी मुलं नुसती नावं घोकतात हो. पुरतं वाक्य, तेही नेमक्या वेळी, आज पहिल्यांदा ऐकलं. धडे घेतले मी. फक्त कापाकापी करू नका, आहेत तस्से द्या."

"बाई, तेवढं नको!" सेसप्पांनी हात जोडले. "मी नवे करतो. या वेळी फोन मी धरतो, ही समोर उभी राहील..."

सगळ्यांनी जलजाक्षीकडे पाहिले. तिने आखडलेल्या खांद्यावर पदर सारखा केला.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "मुलांचं नुकसान कशाला?"

धडे आहेत तसे रवाना झाले. एकूण अंगणवाड्या : एकशे बारा.