टेबलाचा अर्धा इंच

बायकोनं बाहेर पडताना एवढंच सांगितलं होतं, की शिवणाचं कापड कापायच्या टेबलाच्या मधोमध एक कुसळ निघालंय, पांढऱ्या कापडाचे धागे ओढतंय, जमलं तर पॉलिश पेपरनं दोन हात मारून ठेवा. दोन हात. पण सांगितलं कोणाला, तर प्लगसाहेबांना.

प्लगसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्यात अठ्ठावीस वर्षं ते सुरक्षा अधिकारी होते आणि कुठंही खुट्ट झालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "प्लग काढला होता का?" एकदा एकाच्या पायावर खोकं पडलं, त्यालाही त्यांनी हेच विचारलं. तेव्हापासून जे नाव चिकटलं ते निरोपाच्या भाषणापर्यंत सुटलं नाही. या अठ्ठावीस वर्षांत शेकडो यंत्रांचे नियम त्यांनी लिहिले, पण एकही यंत्र स्वतः चालू केलं नव्हतं. नियम लिहिणाऱ्याला त्याची गरज पडत नाही, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे.

निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. घरात आपला कुणाला काही उपयोग नाही ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून होती, आणि आज उपयोग चालून आला होता. हातानं घासणं त्यांना कमीपणाचं वाटलं. ते गल्लीतल्या सुताराकडे गेले आणि लाकूड घासायचं विजेचं मशीन मागून आणलं. सुतार पूर्वी त्यांच्याच कारखान्यात होता आणि त्यांची व्याख्यानं त्याला तोंडपाठ होती. मशीन देताना तो सांगू लागला, की वायर कुठं सोललेली नाही ना बघा, भुशाची पिशवी अर्धी भरली की रिकामी करा. साहेबांनी प्रत्येक वाक्य त्याच्या तोंडातून काढून घेऊन स्वतःच पूर्ण केलं.

"आणि साहेब, ही बाजूची खुंटी आहे ना, ती दाबली की बटण..."

"माहिती आहे."

"आणि लाकडात खिळाबिळा असला तर..."

"अरे, मला सांगतोस?" साहेब म्हणाले आणि मशीन काखेत मारून निघाले.

तयारी मात्र दृष्ट लागण्यासारखी झाली. डोळ्यांवर गॉगल, नाकातोंडावर मास्क, कानांत बोळे, बाह्या कोपरापर्यंत वर, वायर पाठीमागून घेतलेली, खिडकी उघडी. अपघाताला शिरायला फट म्हणून ठेवली नाही. खुंटीचा उपयोगही त्यांना सापडला. ती दाबली की बटणावर बोट ठेवून बसावं लागत नव्हतं, मशीन आपलं आपण चालत होतं. दोन मिनिटांत कुसळ गेलं.

इथं थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण कुसळाच्या जागी जो गोरा तुकडा दिसू लागला, त्यानं उरलेलं टेबल काळंकुट्ट दिसायला लागलं. म्हणून सगळा वरचा भाग झाला. मग कडेकडे लक्ष गेलं. पुढच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या खाचा पडल्या होत्या. कात्री आपटून आपटून पडल्या असणार. बिचारी तीस वर्षं असल्या टेबलावर काम करतेय आणि आपल्याला पत्ता नाही, या विचारानं त्यांचं मन भरून आलं, आणि भरल्या मनानं त्यांनी मशीन कडेला लावलं.

डाव्या कोपऱ्याजवळ फर्र आवाज होऊन मशीनचा कागद फाटला. तिथं मळाखाली एका खिळ्याचं डोकं होतं. त्यांनी नियमाप्रमाणे प्लग काढला, कागद बदलला, प्लग लावला आणि खिळ्याला बगल देऊन पुढं गेले. एक खाच मात्र फार चिवट निघाली. दोन खाचांच्या मध्येच, इतरांपेक्षा खोल आणि वाकडी. साहेबांना वाकडं काही बघवत नसे. तिच्यावर त्यांनी तीनदा मशीन फिरवलं, तेव्हा ती गेली.

आणि लाईट गेली. मशीन गप्प झालं. साहेबांनी ते टेबलावर ठेवलं, कानातले बोळे काढले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी पीत बसले. वीसेक मिनिटांनी लाईट आली तेव्हा मागच्या खोलीतून कुणीतरी गुरगुरल्यासारखा आवाज आला. जाऊन बघतात तो मशीन एकटंच टेबलावरून चालत निघालं होतं. कडेपर्यंत गेलं, खाली पडलं आणि फरशीवर थडथडत त्यांच्याच दिशेनं येऊ लागलं.

"थांब," साहेब त्याला म्हणाले. "थांब म्हणतो ना."

मशीन थांबलं नाही. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसानं एकच वाक्य सांगितलं, त्याला ते आठवायला खुर्चीवर चढावं लागलं. मग खुर्चीवरूनच वाकून त्यांनी प्लग काढला.

मशीनच्या तळाला तडा गेला होता. ते सुताराला कबूल करणं भाग होतं. सुतार स्वतःच आला, मशीन उलटंसुलटं करून पाहिलं, खुंटी अजून दाबलेली आहे हे पाहिलं आणि फार अदबीनं विचारलं, "साहेब, लाईट गेली तेव्हा प्लग काढला होता का?"

साहेब वायर गुंडाळू लागले. पण सुताराची नजर एव्हाना टेबलावर गेली होती आणि त्याच्या चेहऱ्यावरची अदब उतरली होती. या टेबलाचा एक पाय त्यानंच बदलून दिला होता. "वहिनींच्या खाचा कुठायत?" तो म्हणाला.

सुतारानं सांगितलं तेव्हा साहेबांना कळलं. ती कात्री आपटल्याची खूण नव्हती. एकेका इंचाला एकेक खाच, दर पाचाला एक खोल. टेपला हात न लावता, कापड कोपऱ्याला भिडवून, नुसता अंगठा फिरवत ती कापायची. सुताराला हे एका पायाच्या दुरुस्तीत कळलं होतं. साहेबांना तीस वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं. दवाखान्याचे छत्तीस कोट शिवायला होते. वीस परगावच्या शाखेत पोचले होते, सोळा शनिवारपर्यंत द्यायचे होते, आणि ते हुबेहूब पहिल्यांसारखे हवे होते.

बायको परत आली. तिनं पिशवी खाली ठेवली, कडेवरून अंगठा फिरवला, पार शेवटपर्यंत. "छान गुळगुळीत झालंय," ती म्हणाली. ती रागावली असती तर साहेबांना फार बरं वाटलं असतं.

तिनं नवी टेप काढली, कोपऱ्यापासून मोजून खडूनं खुणा केल्या आणि तेवढ्यावर एक कोट कापला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो शिवून झाला. कोट घालून बघायला नेहमीप्रमाणे साहेबच उभे राहिले. तीस वर्षं घरातला पुतळा तेच होते, तेवढा एक उपयोग त्यांच्या लक्षात आला नव्हता.

"काखेत आवळतोय," ते म्हणाले.

"नाही आवळणार. मापानंच कापलाय."

"आवळतोय गं."

तिनं बघितलं. खरंच आवळत होता. ती खुर्चीवर बसली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "दवाखान्यातल्या बायांनी मुद्दाम माझं नाव सांगितलं होतं. बाईंचं शिवलेलं कुठं आवळत नाही म्हणून. सगळे म्हणतात माझ्या हातात आहे ते. हातातनं गेलं की काय हो?"

साहेबांना दुसरं काही येत नव्हतं, पण अपघाताचं मूळ शोधून काढणं येत होतं. त्यांनी कपाटातले आपले सगळे शर्ट काढले आणि जमिनीवर बसून, तिच्या मापाच्या वहीशी ताडून, एकेक भाग टेपनं मोजला. वहीत तेवीस तिथं बाही साडेतेवीस. सात तिथं साडेसात. जुना शर्ट असो की नवा, जिथंतिथं अर्धा इंच जास्त. ते उठून टेबलाच्या डाव्या कोपऱ्याशी गेले. मशीननं घासलेलं खिळ्याचं डोकं चकचकत होतं. कोपऱ्यापासून त्याचं अंतर त्यांनी मोजलं. बरोबर अर्धा इंच.

"पहिल्यांदा खाचा पाडल्यास तेव्हा टेप कशी धरली होतीस?"

"या खिळ्याला अडकवली होती. धरायला दुसरं कोण होतं? तुम्ही कामावर."

"आणि कापड मात्र कोपऱ्याला भिडवायचीस."

तिनं खिळ्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. "म्हणजे माझ्या हातात काही नव्हतं. टेबलच चुकलेलं होतं."

"चुकलेलं कसलं," साहेब म्हणाले. "यंत्रापाशी माणसाला हलायला मोकळी जागा सोडा, हे सांगता सांगता माझा जन्म गेला. तू सोडत होतीस."

हे ते बायकोचं समाधान करायला म्हणाले नव्हते, त्यांना ते खरंच वाटलं होतं. म्हणूनच बहुधा ती हसली.

टेप पुन्हा खिळ्याला अडकवली गेली. या वेळी दुसरं टोक धरायला माणूस होता. साहेबांनी कानसीनं, हातानंच, एकेक खाच पाडली. तिनं डोळे मिटून अंगठा फिरवला, दोन खाचा पुन्हा करायला लावल्या आणि उरलेलं कापड पसरलं. साहेब कानस पुसून ठेवू लागले.

"एक राहिली," ती म्हणाली. "एकोणतीस आणि तिसाच्या मध्ये. खोल होती."

ती कुठली हे साहेबांना चांगलंच ठाऊक होतं. "ती कशाची होती?"

"तुमच्या शर्टाच्या उंचीची. लग्नानंतर पहिला शिवला तेव्हा पाडलेली."

साहेबांनी कानस उचलली आणि फार जपून खाच पाडली. तिनं अंगठा लावून पाहिला आणि मान हलवली.

"सरळ झाली. वाकडी होती."

अठ्ठावीस वर्षं सगळ्यांना सरळ करत आलेले प्लगसाहेब पुन्हा टेबलापाशी वाकले, आणि वाकडी कशी पाडायची ते तिला विचारू लागले.