एकसष्ट दगडांचा शत्रू

डोंगरावरचा किल्ला पडका आहे ही गोष्ट सरकारच्या लक्षात आली, तेव्हा तो पडून तीनशे वर्षं झाली होती. सरकारी कामाच्या मानाने ही तत्परताच म्हणायची. लगोलग समिती नेमली गेली, समितीला एक साहेब मिळाला आणि साहेबाने पहिल्याच आठवड्यात पायथ्याशी पितळी फलक उभा केला. 'हा अभेद्य किल्ला ........ यांनी उद्ध्वस्त केला.' रिकामी जागा तेवढी भरायची राहिली होती.

"शत्रूचं नाव काढा कुठूनतरी," साहेब नगराध्यक्षांना म्हणाला.

नगराध्यक्षांनी तीन शत्रू सुचवले. त्यांतले दोघे किल्ला बांधायच्या आधीच मेले होते आणि तिसरा दर्यावर्दी होता; डोंगर चढल्याचा त्याचा लौकिक नव्हता. मग पहारेकऱ्याला बोलावणं गेलं. सव्वीस वर्षं तो रोज वर जात होता. समितीतलं कुणी एकदाही गेलं नव्हतं, कारण वर मोटार जात नाही.

विचारलं की खरं सांगायचं, ही पहारेकऱ्याची जुनी खोड. त्याने धापा टाकणाऱ्या साहेबाला वर नेलं. दरवाजा मुद्दाम वळणात कसा बांधलाय, ओंडका घेऊन धावून येणाऱ्याला सरळ धाव कशी मिळत नाही, ते दाखवलं. कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं दाखवलं. मग तटाशी नेलं. तट म्हणजे दोन बाजूंना घडीव दगड आणि मधे मुरूम-दगडगोट्यांचा भराव. आता भराव होता, घडीव दगड नव्हते.

"तोफेच्या गोळ्याला एवढी निवड करता येत नाही साहेब," पहारेकरी म्हणाला. "शत्रू फोडतो. हे कुणीतरी वरून एकेक थर उचकटून, गाडीत भरून नेलंय."

"कुठे?"

"खाली. आपलं अख्खं गाव त्यातच राहतं. प्रत्येक पाथरवट आपल्या दगडावर खूण कोरायचा. कुणाची शिडी, कुणाची चंद्रकोर, कुणाचा मासा. माझ्या उंबरठ्यावरच मासा आहे. नगराध्यक्षांच्या वाड्याला तर एवढे मासे आहेत की गळ टाकावा."

साहेबाने फक्त उंबरठ्याचं लिहून घेतलं.

घरी आल्यावर पहारेकऱ्याने हे बायकोला कौतुकाने सांगितलं. ती भांडी घासत होती. तिने भांडं खाली ठेवलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"साहेबांनीच विचारलं ना."

"साहेब विचारणारच. त्याचा त्यांना पगार आहे. तुम्हाला उत्तर द्यायचा आहे का?"

पंधरा दिवसांत घरोघरी छापील अर्ज आले. 'आपल्या राहत्या घरात संरक्षित वास्तूचे दगड आहेत काय? होय/नाही. नको ते खोडावे.' गावात चारशे बारा घरं. त्या आठवड्यात गावातला सिमेंटचा साठा संपला आणि गवंडी मिळेना. गेल्या कित्येक वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं ते सगळ्यांना एकदम सुचलं, की भिंतींना गिलावा नाही, घर कसं उघडंबोडकं दिसतंय. शाळेच्या हेडमास्तरांनी तर पायरीवरची चंद्रकोर स्वतः छिन्नीने घासून काढली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात 'आपला वारसा' शिकवला.

चारशे अकरा घरांनी 'होय' खोडलं. एका घराने 'नाही' खोडलं.

आणि मग कायदा आपल्या गतीने चालू लागला. पहारेकऱ्याच्या घरात एकसष्ट दगड निघाले. ज्यात संरक्षित वास्तूचे दगड आहेत ते घर म्हणजे संरक्षित वास्तूचा भाग. संरक्षित वास्तूत विनापरवाना चूल पेटवणं, कपडे वाळत घालणं आणि झोपणं हा गुन्हा. पहारेकरी सव्वीस वर्षं हे तिन्ही गुन्हे सहकुटुंब करत होता. वर तो पहारेकरी असल्याने, असले गुन्हे रोखणं हे त्याचंच काम होतं. म्हणून घर उतरवण्याची नोटीस त्याच्या नावे निघाली आणि ती बजावायचं कामही त्याच्याकडेच आलं. त्याने ती स्वतःला बजावली आणि पोच घेतली.

अपील करायची सोय होती. अपील ऐकायला नगराध्यक्ष बसले होते, शेजारी साहेब.

"साहेब, यांच्या भिंतीला दोनशे मासे आहेत," पहारेकरी म्हणाला. "मी मोजलेत."

साहेब जातीने वाड्यावर गेला. गिलावा अजून ओला होता. "मला तर साधी भिंत दिसते."

"खरवडून बघा ना."

"खाजगी मालमत्ता आहे. मालकांची परवानगी लागेल."

मालकांनी परवानगी नाकारली. अपील फेटाळलं. नगराध्यक्ष उठताना पहारेकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. इतिहासासाठी कुणालातरी त्याग करावा लागतोच."

घर उतरवलं. एकसष्ट दगड वर चढवले. तिथे कळलं की कोणता दगड मूळ कुठे होता याची नोंद नाही, आणि नोंद नसलेला दगड बसवणं म्हणजे इतिहासाचा विपर्यास. त्यामुळे ते दरवाजाशी ढीग करून ठेवले आणि त्या ढिगावर पहारेकऱ्याची नेमणूक झाली. बायको माहेरी भावाकडे गेली. जाताना म्हणाली, "घर राखता आलं नाही, आता निदान त्याचे दगड तरी राखा."

फलक मात्र पुरा झाला. 'हा अभेद्य किल्ला पहारेकऱ्याच्या पूर्वजांनी उद्ध्वस्त केला.' रविवारी गावकरी मुलाबाळांसह येतात, फलक वाचतात आणि हळहळतात. "कसली माणसं असतात बघा," असं हेडमास्तर म्हणाले, आणि त्यांनी पहारेकऱ्यालाच आपला फोटो काढायला लावला.

महिन्याभराने साहेब तपासणीला आला. दगड अठ्ठावन्न भरले.

"तीन कुठे गेले?"

पहारेकऱ्याला ते माहीत होतं. भर दुपारी नगराध्यक्षांची माणसं आली होती. वाड्यासमोर कारंजं व्हायचं होतं, त्याच्या कडेला तीन कमी पडत होते. पहारेकऱ्याने साहेबाकडे पाहिलं. खाली पायथ्याच्या फलकाकडे पाहिलं. आपलं घर पाहण्यासाठी त्याने ढिगाकडे पाहिलं.

"शत्रूने नेले, साहेब."

"कोणत्या?"

"नाव नाही कळलं. घोड्यावर होता. तलवार होती हातात."

साहेबाचा जीव भांड्यात पडला. त्याने ते अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. "असं आधी बोलला असतात, तर घर राहिलं असतं."

तर वाचकहो, पहारेकऱ्याची तुम्हाला कीव आली असेल, आणि नगराध्यक्षांचा राग. येऊ द्या, त्याला परवानगी लागत नाही. फक्त आता उठून आपल्या दाराची पायरी एकदा बघून या. बघून आलात? काय दिसलं ते मला सांगू नका. गवंडी सापडेपर्यंत तिच्यावर पायपुसणं टाकून ठेवा.